‘आम्ही तर काहीच बदललं नाही’: जुन्या सर्व्हरवरचं ऑनलाइन दुकान बाहेरच्या सेवांशी बोलेनासं होतं तेव्हा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे पुढचं तुमच्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल.

ग्राहक ‘पैसे भरा’ दाबतो, गोल चक्र फिरत राहतं आणि मिनिटभराने कोरं पान येतं. किंवा खात्यातून पैसे जातात, बँकेचा मेसेजही येतो, पण दुकानाच्या यादीत ऑर्डर ‘पेंडिंग’च. कुरियरचा दर येत नाही. ‘या पिनकोडला सेवा उपलब्ध नाही’ असं सगळ्यांनाच दिसतं, दुकानापासून चालत दहा मिनिटांवरच्या ४००६०१लासुद्धा. ओटीपी जात नाही. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडावा तर ‘कर्ल एरर ३५’, ‘कर्ल एरर ६०’ नाहीतर ‘एसएसएल हँडशेक फेल्युअर’ अशा ओळींची रांग (कर्ल म्हणजे तुमच्या सर्व्हरकडून बाहेरच्या सेवांकडे विनंत्या नेणारं साधन). साइट स्वतः मात्र ठणठणीत. फोटो दिसतात, वस्तू कार्टमध्ये पडतात.

यातलं काही ओळखीचं वाटलं आणि तुमचं दुकान सेंटओएस ६, पीएचपी ५, मॅजेंटो १, जुनं ओपनकार्ट किंवा विंडोज सर्व्हर २००८ असल्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरवर उभं असेल, तर वाचा.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान दुकानांच्या साइट सांभाळण्याचं काम मी करतो. या बिघाडाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: “अहो, पेमेंट बंद पडलंय, आणि आम्ही तर काहीच बदललं नाही.” पूर्वी मला वाटायचं, मालक काहीतरी लपवतोय. आता उलट वाटतं. त्याने खरोखरच काही बदललेलं नसतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. पलीकडचा गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी कंपनी), कुरियर, एसएमएसवाला हे सगळे दरवर्षी कुलपं बदलत असतात. तुमच्या किल्ल्या २०१३ सालच्या.

दुरुस्तीच्या आधी दोन गोष्टी

ग्राहकांचे पैसे कापले जात असतील तर ऑनलाइन पेमेंटचा पर्याय आधी बंद करा, ‘माल मिळाल्यावर पैसे’ चालू ठेवा. मग गेटवेच्या डॅशबोर्डवर जाऊन आजचे यशस्वी व्यवहार आणि तुमच्या ऑर्डरी जुळवा. ग्राहकाला ‘पुन्हा एकदा भरून बघा’ असं सांगू नका. दोनदा पैसे गेलेला ग्राहक परत येत नाही, आणि रिफंडचा हिशेब तुमच्याच डोक्यावर बसतो.

दुसरं, सगळ्याच सेवा एकदम बंद आहेत की एकच? या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. सगळ्या एकदम गेल्या असतील तर दोष बहुधा तुमच्या घरात आहे: घड्याळ, डिस्क, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा), नेट. एकच गेली असेल तर तिने काहीतरी बदललंय आणि तुमच्या सर्व्हरला ते पेलत नाहीये.

मोबाइलवर उघडून बघू नका

जवळपास प्रत्येक जण हे करतो. गेटवेचा पत्ता मोबाइलवर टाकतो, पान उघडतं, आणि निष्कर्ष निघतो की ‘त्यांचं तर चालू आहे’. पण गेटवेशी तुमचा मोबाइल बोलत नसतो, बोलतो तुमचा सर्व्हर. सुरक्षित बोलण्याच्या या भाषेला टीएलएस म्हणतात, एसएसएल हे तिचं जुनं रूप. मोबाइलला टीएलएस १.३ येतं, सर्व्हरला कदाचित १.० च्या पुढे काही येत नाही. म्हणून खालची प्रत्येक तपासणी सर्व्हरच्या टर्मिनलवर बसून करायची.

घड्याळ

सगळ्यात स्वस्त तपासणी. टर्मिनलवर ‘डेट’ एवढंच टाका आणि आलेली तारीख मनगटावरच्या घड्याळाशी ताडा.

नौपाड्यात गोखले रोडला तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. सर्व्हर पोटमाळ्यावर, हंडे-कळशांच्या मागे, त्यावर पितांबरीच्या रिकाम्या खोक्यांचा थर. एका दुपारी वीज गेली, यूपीएसने कधीच मान टाकलेली होती, वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू झालं आणि पेमेंट, कुरियर, एसएमएस तिन्ही बंद. दुकानाच्या मालकांनी, काकांनी, माझ्याआधी दोघांना बोलावलं होतं. एकाने तर नवा सर्व्हर घ्या म्हणून कोटेशनही दिलं होतं. मी ‘डेट’ टाकलं. १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता, त्यामुळे वीज जाताच घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर गेलं. सर्टिफिकेट म्हणजे पलीकडच्या साइटचं ओळखपत्र. त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. २००९ सालात बसलेल्या सर्व्हरला आजचं प्रत्येक सर्टिफिकेट भविष्यातलं दिसतं, म्हणून तो ते नाकारतो. त्याचं चुकत नाही. काका खाली उतरून शेजारच्या घड्याळवाल्याकडून सेल घेऊन आले, आणि वर येऊन मलाच विचारलं, “एवढंच?”

सेल बदलून थांबू नका, सर्व्हरला एनटीपीने, म्हणजे नेटवरून आपोआप, वेळ घ्यायला लावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलंच आहे. दोन-चार मिनिटांच्या फरकाने सर्टिफिकेट सहसा अडत नाही. पण ज्या सेवा विनंतीवर वेळेचा शिक्का मागतात, त्या तेवढ्यावरही ‘सही चुकीची’ म्हणून परत पाठवतात.

डिस्क

‘डीएफ डॅश एच’ टाका. कुठे शंभर टक्के दिसलं तर लॉग लिहिला जात नाही, सेशन टिकत नाही, आणि बिघाड पेमेंटचा वाटतो. डिस्कमध्ये जागा दिसत असूनही हेच होत असेल तर ‘डीएफ डॅश आय’ही बघा, लाखभर बारीक सेशन फाइलींनी आयनोड (फाइलींच्या नोंदीच्या जागा) संपलेले असतात. जुने लॉग दुसरीकडे हलवा. दुकानाच्या फोल्डरमधलं काही पुसू नका.

काहीच ऑर्डरी अडतात?

मग हा सर्व्हरचा आजार नाही. दुकानातली राज्यांची यादी उघडा. तेलंगण २ जून २०१४ ला झालं, लडाख ३१ ऑक्टोबर २०१९ ला वेगळं झालं, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२० ला एकत्र झाले. जुन्या दुकानात हैदराबाद अजून आंध्रात असतं. कुरियरची सेवा पिनकोड आणि राज्य जुळवते, जुळलं नाही की ऑर्डर परत. जीएसटीचा राज्य-कोडही तेलंगणाचा ३६ आहे, लडाखचा ३८. यादी दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात.

एसएमएसचंही तसंच. गेटवे ‘स्वीकारला’ म्हणतो आणि ग्राहकाला मिळत नाही, तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायची दूरसंचार कंपन्यांची यंत्रणा) नोंदवलेला मजकूर आणि तुमच्या दुकानातून जाणारा मजकूर अक्षर न् अक्षर ताडून बघा. कुणीतरी दिवाळीच्या शुभेच्छा जोडलेल्या सापडतात.

पत्ता आणि रस्ता

कर्लचा एरर ६ म्हणजे नावावरून पत्ता सापडला नाही. ७ म्हणजे पत्ता सापडला, पण दार उघडलं नाही. २८ म्हणजे वाट बघून कंटाळला. तिन्हींमध्ये सर्टिफिकेटचा संबंध अजून आलेलाच नसतो, त्यामुळे तिकडे हात लावू नका.

आधी ‘होस्ट्स’ फाइल उघडा. कधीकाळी डीएनएस बिघडला होता म्हणून कुणीतरी गेटवेचा आयपी पत्ता तिथे हाताने लिहून ठेवलेला असतो. तेव्हा काम झालं, माणूस निघून गेला, ओळ राहिली. पाच वर्षांनी गेटवे दुसऱ्या पत्त्यावर गेला की तुमचा सर्व्हर जुन्याच दारावर थापा मारत बसतो. मग ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ बघा. त्यात कनेक्शन बंद केलेल्या कंपनीचा डीएनएस असू शकतो.

उत्तर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, येत असेल तर स्वतःचा बाहेरचा आयपी तपासा. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याने स्वस्त पडतंय म्हणून ब्रॉडबँड बदललं. ऑफिसमध्ये नेट झकास चालत होतं, पण कुरियरच्या सेवेने जुना आयपी नोंदवून ठेवला होता, नव्यावरून आलेली प्रत्येक विनंती ती दारातूनच परत पाठवत होती. ‘तुम्ही काही बदललंत का?’ या प्रश्नाला त्यांनीही नाहीच म्हटलं होतं. इंटरनेटचं बिल स्वस्त करणं हा बदल त्यांच्या हिशेबात नव्हता. कुरियरवाल्यांना ईमेल केला, दुसऱ्या दिवशी चालू.

एरर ६०: ओळख पटत नाही

आता खरा भाग. एरर ६० म्हणजे पलीकडच्याने ओळखपत्र दाखवलं, पण त्यावर सही करणाऱ्याला तुमचा सर्व्हर ओळखत नाही, किंवा ज्याला ओळखतो त्याची मुदत संपली आहे. सर्व्हरकडे विश्वासू रूट सर्टिफिकेटांची एक फाइल असते. ती अपडेटबरोबर बदलत राहते. अपडेट बंद तर फाइल शिळी. सेंटओएस ६ चे अपडेट ३० नोव्हेंबर २०२० ला थांबले, सेंटओएस ७ चे ३० जून २०२४ ला.

३० सप्टेंबर २०२१ ची संध्याकाळ माझ्या लक्षात आहे. ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ नावाच्या रूटची मुदत आपल्या घड्याळाने ७ वाजून ३१ मिनिटांनी संपली. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं तोवर त्याच्याही आधारावर चालत. आठवड्यावर घटस्थापना, फराळाच्या परदेशी ऑर्डरी सुरू झालेल्या, आणि पावणेआठपासून माझा फोन खाली ठेवता येईना. राम मारुती रोडच्या फराळवाल्या वहिनी म्हणाल्या, “साडेसातपर्यंत चकल्या अमेरिकेला जात होत्या, आता कल्याणलाही जात नाहीत.” गंमत म्हणजे काही सर्व्हरवर नवं रूट, ‘आयएसआरजी रूट एक्स१’, आधीच होतं. तरी अडलं. कारण ओपनएसएसएलच्या (सर्व्हरचं टीएलएस सांभाळणारी लायब्ररी) १.०.२ आणि त्याआधीच्या आवृत्त्या पलीकडून आलेल्या सर्टिफिकेटांच्या साखळीच्याच मागे जातात आणि मुदत संपलेल्या रूटपाशी पोचून हात वर करतात. नवं रूट घालणं पुरेसं नव्हतं, जुनं काढावंही लागलं.

आज करायचं ते असं. कर्लच्या अधिकृत साइटवर मोझिलाच्या यादीवरून बनवलेली रूटांची ताजी फाइल मिळते. ती स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवा (जुन्या सर्व्हरला त्या साइटशीच बोलता येणार नाही अशी शक्यता असते), सर्व्हरवर ठेवा आणि पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये ‘कर्ल डॉट सीएइन्फो’ला तिचा पत्ता द्या. पीएचपी ५.६ असेल तर ‘ओपनएसएसएल डॉट सीएफाइल’लाही. अपाची (साइटची पानं पाठवणारा वेब सर्व्हर) पुन्हा सुरू करा. जुनी फाइल नाव बदलून ठेवा, पुसू नका.

एवढं करूनही ६० येत राहिला तर पेमेंटच्या प्लगइनचं फोल्डर चाळा. पुष्कळ जुनी प्लगइन स्वतःची वेगळी फाइल घेऊन येतात आणि सर्व्हरची फाइल बघतच नाहीत. वर्डप्रेसचीही स्वतःची असते. माझा एक अख्खा रविवार असल्याच एका फाइलीने खाल्लाय.

एक उपाय तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल: ‘व्हेरिफाय पीअर’ला फॉल्स करा, दोन मिनिटांत चालू होईल. होतं, खरंच होतं. पण त्यानंतर पलीकडे गेटवे आहे की मध्येच बसलेला चोर, हे तुमचा सर्व्हर विचारणंच सोडून देतो. रोगापेक्षा इलाज भयंकर. मी नवं काम हातात घेतलं की आधी हा शब्द शोधतो, आणि दहापैकी पाच-सहा दुकानांत तो सापडतो.

एरर ३५: भाषाच जुळत नाही

इथे ओळखपत्रापर्यंत गोष्ट जातच नाही. टीएलएस १.२ चं मानक ऑगस्ट २००८ चं. कार्ड व्यवहारांच्या पीसीआय नियमांनी ३० जून २०१८ ही जुन्या टीएलएसची शेवटची तारीख ठरवली, आणि मार्च २०२१ मध्ये १.० आणि १.१ अधिकृतपणे मोडीत निघाले. ओपनएसएसएलला १.२ येतं ते १.०.१ या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०१२ पासून.

‘ओपनएसएसएल व्हर्जन’ टाका. ०.९.८ आलं तर सेंटओएस ५ च्या काळातलं मशीन आहे. इथे तुमची तपासणी संपली, थेट शेवटच्या भागाकडे जा. १.०.१ आलं तर आशा आहे. सेंटओएस ६.५ पासून पुढे तेच आहे. मग ‘एस-क्लायंट’ने गेटवेच्या ४४३ पोर्टला जोडून बघा, टीएलएस १.२ चा पर्याय देऊन. ‘सर्व्हरनेम’चा पर्याय विसरू नका: जुनं ओपनएसएसएल तो आपणहून पाठवत नाही, आणि एकाच पत्त्यावर शंभर साइट असलेला पलीकडचा सर्व्हर मग भलतंच सर्टिफिकेट देतो किंवा सरळ फोन ठेवतो. या एका विसरलेल्या शब्दामुळे लोक चुकीच्या दिशेला दिवस घालवतात.

टर्मिनलवर जुळलं आणि दुकानातून नाही जुळलं, तर पीएचपी वेगळी लायब्ररी वापरतंय. ‘पीएचपी इन्फो’चं पान उघडून कर्लच्या चौकटीत एसएसएल आवृत्ती बघा. सेंटओएस ६ वर तिथे ओपनएसएसएलऐवजी एनएसएस ही दुसरी लायब्ररी दिसेल; तिचे अपडेट वेगळे. बघून झालं की ते पान लगेच पुसा.

तेही ठीक असेल तर प्लगइनच्या कोडमध्ये ‘एसएसएल व्हर्जन’ शोधा. समोर ३ हा आकडा असेल तर चोर सापडला. ३ म्हणजे एसएसएलची तिसरी आवृत्ती, जी ऑक्टोबर २०१४ मध्ये पूडल नावाचा दोष उघड झाल्यावर सगळ्यांनी बंद केली. ४ म्हणजे फक्त टीएलएस १.०. ६ म्हणजे १.२. माझ्या अनुभवात ती ओळ काढून टाकणं हाच उत्तम उपाय. सर्व्हर आणि गेटवे आपसांत ठरवून घेतात.

विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर टीएलएस १.२ असतं, पण मुळात बंद. रजिस्ट्रीत चालू करावं लागतं, आणि दुकान डॉटनेट ४.५ वर असेल तर कोडमध्येही सांगावं लागतं. रजिस्ट्रीचा बॅकअप घेतल्याशिवाय तिथे जाऊ नका. खरं तर एकटे जाऊच नका.

पैसे गेले, ऑर्डर पेंडिंग

हा उलटा रस्ता आहे. पैसे घेतल्यावर गेटवे तुमच्या दुकानाला ‘जमा झाले’ असं कळवायला येतो. तो आलाच नाही की आला आणि परत गेला, हे अपाचीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये कळतं. लॉगमध्ये पाऊलखूणच नसेल तर तुमच्या स्वतःच्या साइटचं सर्टिफिकेट तपासा. सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे मधलं सर्टिफिकेट (तुमचं सर्टिफिकेट आणि रूट यांना जोडणारं) लावायचं राहिलेलं असतं. ब्राउझर ते स्वतः शोधून घेतात म्हणून साइट उघडते. गेटवे तेवढे कष्ट घेत नाही. पाऊलखूण असेल आणि पुढे ५००, म्हणजे ‘सर्व्हरमध्ये चूक’, दिसत असेल तर दोष दुकानाच्या कोडमध्ये आहे.

इथे थांबा

वरचं सगळं झालं आणि बिघाड कायम असेल तर पुढची पायरी ओपनएसएसएल बदलण्याची वाटते. चालू सर्व्हरवर ती चढू नका. त्याच लायब्ररीवर अपाची, पीएचपी आणि तुम्ही ज्या वाटेने आत आलात ते एसएसएचही उभं आहे. ती मोडली तर परत आत शिरायला मशीनपुढे कीबोर्ड घेऊन बसावं लागेल, आणि मशीन महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर आधी गेटपास काढावा लागेल.

बॅकअप नसेल, किंवा तो परत चढवून कधी पाहिलेला नसेल, तर याच्याही आधी थांबा. पेमेंटच्या फोल्डरमध्ये तुम्ही न ठेवलेल्या फाइली दिसल्या तर लगेच थांबा, काही पुसू नका. ते हॅकिंग असू शकतं, आणि सर्ट-इनला अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते.

जाणकार माणूस बहुधा दोनपैकी एक सांगेल. एक, दुकान नव्या सर्व्हरवर हलवा. मॅजेंटो १ चा आधार ३० जून २०२० ला संपला, पीएचपी ५.६ चा ३१ डिसेंबर २०१८ ला. हे कधीतरी करावंच लागणार. दोन, हंगाम तोंडावर असेल तर मध्ये एक छोटं नवं मशीन दुभाष्या म्हणून बसवा. जुना सर्व्हर त्याच्याशी आतल्या जाळ्यात बोलतो, ते बाहेर टीएलएस १.२ किंवा १.३ मध्ये. फराळवाल्या वहिनींच्या दोन दिवाळ्या आम्ही अशाच काढल्या. यात एनजिनएक्स (मध्यस्थाचं काम करू शकणारा वेब सर्व्हर) वापरत असतील तर त्यांना दोन गोष्टी विचारा: पलीकडच्या सर्टिफिकेटची तपासणी चालू केली आहे का, आणि सर्व्हरनेम पाठवताय का. दोन्ही मुळात बंद असतात. उत्तर देताना माणूस अडखळला तर दुसरा शोधा.

बोलावण्याआधी हातात एवढं ठेवा: ‘ओपनएसएसएल व्हर्जन’चं उत्तर, पीएचपीची आवृत्ती, कोणती सेवा बंद आहे, लॉगमधल्या शेवटच्या वीस ओळी आणि पहिली चुकलेली ऑर्डर किती वाजताची. लॉगमधली वेळ युटीसीत असेल तर साडेपाच तास मिळवून सांगा. नाहीतर तुम्ही दुपारचा बिघाड सांगत बसाल आणि तो सकाळचे लॉग चाळत बसेल.